जर्मन रायफलीतली खाच

माझ्या बायकोच्या मते तिला तेवीस सवती आहेत आणि त्या सगळ्या परक्या माणसाच्या कपाटात राहतात. दुबईतल्या करामा भागात ओळखीच्या घरी जेवायला गेलो की ती हे हमखास सांगते. लोक हसतात, मीही हसतो. तिचा आकडा मात्र बरोबर आहे. रायफली तेवीसच आहेत.

माझ्यासारख्या नोकरदार परदेशी माणसाला इथे बंदूक स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. त्यामुळे ज्याला मी वर्षानुवर्षं ‘आपलं कलेक्शन’ म्हणत आलो, ते एका स्थानिक गृहस्थाचं आहे. त्याला सगळे अरबाब म्हणतात, म्हणजे मालक. लायसन्स त्याचं, पैसा त्याचा. शारजाबाहेरच्या नेमबाजी क्लबात शस्त्रांची एक बंद खोली आहे, तिथलं लोखंडी कपाटही त्याचंच. माझी फक्त अक्कल. इंग्लंडात कुठला जुना संग्रह विकायला निघालाय, स्वीडनमधल्या रायफलीचे नंबर एकमेकांशी जुळतात का, दस्ता मूळचा आहे की नंतर बसवलेला, हे मी शोधायचं आणि त्याने विकत घ्यायचं. बदल्यात दर शुक्रवारी मला त्या चालवायला मिळत. शारजात शुक्रवारी सुट्टी असते. अल नहदातल्या फ्लॅटमधून सकाळी सातला मी निघायचो आणि बायकोमुलीच्या आठवड्यातला एक दिवस खाऊन दुपारी परत यायचो. मुलगी एकदाच म्हणाली, “बाबा, दे आर जस्ट ओल्ड प्रॅक्टिस गन्स.” त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

प्रॅक्टिस गन्सच आहेत त्या. सैन्यात भरती झालेल्या पोरांना खरी काडतुसं देणं महाग पडे. म्हणून प्रत्येक देशाने आपल्या युद्धातल्या रायफलीची एक धाकटी बहीण बनवली. वजन जवळजवळ तेच, लांबी तीच, बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलणारी मागची दांडी, तीही तशीच. फक्त आतली नळी बारीक आणि काडतूस करंगळीच्या पेराएवढं. आपल्याकडे त्याला पॉइंट टू टू म्हणतात. अरबाबकडे इंग्लिश आहेत, अमेरिकन आहेत, स्वीडिश आहेत. सगळ्यांत देखणी आहे ती एक जर्मन. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांच्या सैन्यावर बंधनं आली, तेव्हा मैदानांवर आणि क्लबांमध्ये खेळ म्हणून पोरांचा नेम तयार केला गेला तो असल्या रायफलींवर. पुढे त्या पोरांनी त्या नेमाचं काय केलं ते जगाला ठाऊक आहे. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. मला तिचा बोल्ट आवडायचा. एका बोटाने फिरे.

या काडतुसाची एक गंमत आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मोठ्या काडतुसाच्या बुडात मधोमध टिकली असते, पिन तिच्यावर आपटते. या छोट्याचा बार बुडाच्या कडेत भरलेला असतो, म्हणून पिनही कडेवर आपटते. आत काडतूस नसताना ट्रिगर दाबला, तर बऱ्याच जुन्या रायफलींत ती पिन थेट नळीच्या काठावर बसते, लोखंडावर लोखंड. एकदा-दोनदा काही होत नाही. शंभरदा झालं की काठाला खाच पडते, धातू आत सरकतो आणि काडतूस अडकायला लागतं.

हे मला माहीत नव्हतं. हमरिया फ्री झोनमध्ये व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत मी क्वालिटी विभागाचा प्रमुख आहे, मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून लोकांचा माल परत पाठवतो, आणि हे मला माहीत नव्हतं. कारण माझं रायफलीचं शिक्षण पुण्यात कॉलेजात कॅडेट असताना झालं. वर्षाकाठी माणशी दहा काडतुसं मिळत. उरलेलं वर्षभर आम्ही रिकाम्या रायफलीवर ट्रिगरचा सराव करायचो. आम्हाला शिकवणारे फौजी सुभेदार म्हणायचे, हजार बार खाली दबाओ, तब एक गोली मिलेगी. फायरिंग संपलं की ‘खाली कर’चा, म्हणजे रायफल रिकामी करायचा, हुकूम सुटे. बोल्ट मागे, नळी तपास, बोल्ट बंद, ट्रिगर दाब, टक्. शंभर पोरांची ती एकसाथ टक् ऐकली की अंगावर काटा यायचा. कॅम्पातल्या त्या रायफलींत काडतुसं सारखी अडकत. आम्ही बुटाची टाच मारून बोल्ट उघडायचो. कारण कुणी विचारलं नाही, आणि विचारण्याची तिथे पद्धतही नव्हती.

ती टक् माझ्या बोटात राहिली. पन्नाशीला आलो तरी प्रत्येक दहा फैरींनंतर मी टार्गेटकडे तोंड करून ती करायचो. इतर लोक, इंग्रज आणि लेबनीज, नुसता बोल्ट उघडा ठेवून रायफल खाली ठेवत. मला ते गबाळेपणाचं वाटे.

कपाट सांभाळायला चाचा होते. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावचे, साठी उलटलेले. विशीत लाँचवर खलाशी म्हणून आखातात आले, अरबाबच्या वडिलांकडे नोकरीला लागले, त्यांच्या शिकारीच्या बंदुका पुसता पुसता सगळं शिकले. व्हिसा अरबाबच्या नावावर, खोली अरबाबच्या आवारात. गावी बायको वारली होती, मुलगी लग्न होऊन गेली होती. अरबाबने नाही म्हटलं तर त्या वयात इथे दुसरा कुणी व्हिसा देणार नव्हता, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. ते मला साहेब म्हणायचे. दोघं मराठीत बोलायचो. त्या आवारात मराठी कळणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला ते थोडं खटकायचं. अरबाबशी मी इंग्रजीत बॅरलबद्दल बोलत असताना हा माणूस मध्येच ‘साहेब, चाय’ म्हणाला की मला माझा दर्जा एक पायरी खाली गेल्यासारखा वाटे.

एकदा गावाहून येताना त्यांनी माझ्यासाठी सोडे आणले, म्हणजे सुकवलेली कोलंबी. आमच्या घरी मासे चालत नाहीत. तसं मी सांगू शकलो असतो. मी “अरे वा” म्हणालो आणि अल नहदाला पोचल्यावर लिफ्टशेजारच्या कचऱ्याच्या झडपेत पिशवी न उघडता टाकून दिली. पुढच्या शुक्रवारी त्यांनी विचारलं, “कसे झाले सोडे?” मी म्हणालो, “एक नंबर.” त्यांना फार आनंद झाला.

चाचांची रायफल ठेवायची पद्धत निराळी होती. दस्त्यांना अळशीचं तेल, नळीतून तीनदा चिंधी. बोल्टची स्प्रिंग सैल करायची असेल तर आधी नळीत एक पिवळा प्लास्टिकचा प्लग घालायचे. भिंतीत स्क्रू मारायला वापरतात तोच, हार्डवेअरच्या दुकानात शंभराची पिशवी मिळते. मग ट्रिगर दाबायचे. पिन प्लास्टिकवर बसे. खिशात दहा-बारा प्लग कायम असत. मी हे पाहून हसायचो. मला वाटे, अडाणी माणसाची काहीतरी तोडगेबाजी आहे. विचारावं असं एकदाही वाटलं नाही.

मग एका शुक्रवारी मी करामातले तीन मित्र बायकांसकट क्लबात नेले. अरबाबची परवानगी होती. मी फॉर्मात होतो. कुठली रायफल कुठल्या कारखान्यातली, कुठल्या लिलावात किती भांडून मिळवली, सगळं सांगत होतो. एका मित्राने जर्मन रायफलीची किंमत विचारली. मी दिरहममध्ये सांगितली, त्याने रुपये काढायला ती तिथल्या तिथे तेवीसने गुणली आणि “आईशप्पथ, एवढ्यात माझी पहिली बाइक आली असती” म्हणाला. मी दहा फैरी झाडल्या, आठ टार्गेटच्या मधल्या काळ्या वर्तुळात लागल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. बोल्ट मागे, नळी तपास, बोल्ट बंद. इतक्यात चाचा शेजारी येऊन हळूच म्हणाले, “साहेब, खाली नका मारू. पिन काठाव लागतंय.” तळहातावर पिवळा प्लग धरला होता.

सगळे बघत होते. मी म्हणालो, “चाचा, तुम्ही रायफल कुठे शिकलात? होडीत?”

मित्र हसले. हसू मिळालं की माझा तोल जातो, हा माझा जुना रोग आहे. “मी फौजी सुभेदारांकडून शिकलोय. तुम्ही मासे मारत होता तेव्हा मी मेडल आणत होतो. हा तुमचा प्लग भिंतीत मारा आणि त्यावर कॅलेंडर लावा.” मग त्यांच्याकडे बघत ट्रिगर दाबला, बोल्ट उघडून मिटला, पुन्हा दाबला, पुन्हा. टक्, टक्, टक्. दरवेळी पाहुण्यांतलं कुणीतरी फिसकन हसत होतं. चाचांनी मूठ मिटली, प्लग खिशात टाकला आणि चहा सांगायला गेले. परतताना गाडीत बायको म्हणाली, “तुझ्या जिभेला हाड नाही. म्हातारा माणूस आहे तो.” मी म्हणालो, “ज्याने त्याने आपली पायरी ओळखून राहावं.”

त्यानंतर चाचा मला एका शब्दाने काही बोलले नाहीत. मी टक् करायचो, ते दुसरीकडे बघायचे. मला वाटलं, जिरली.

काही महिन्यांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते दोन महिन्यांच्या सुट्टीवर रत्नागिरीला गेले. कपाटाची किल्ली अरबाबच्या ड्रायव्हरकडे आली. तो पठाण, त्याला रायफलीशी देणंघेणं नव्हतं, कपाट उघडून तो मोबाइल बघत बसे. मला मोकळं रान मिळालं. जर्मन रायफल प्रत्येक शुक्रवारी माझ्याच हातात होती. क्लबाची वार्षिक स्पर्धा जवळ आली होती, म्हणून सुभेदारांच्या शिकवणीप्रमाणे रिकामा सराव सुरू केला. उभ्याने शंभर, गुडघ्यावर शंभर. आठ शुक्रवार. सोळाशे टक्, हा हिशेब मी नंतर केला. तेव्हा मी फक्त खूश होतो. ट्रिगर लोण्यासारखा लागत होता.

चाचा परत आले त्याच आठवड्यात अरबाबने पाहुण्यांना बोलावलं. त्याच्या वडिलांच्या वेळचे प्रतिष्ठित लोक, पांढऱ्या पायघोळ अरबी कंदुऱ्यातले, हळू बोलणारे. अरबाबने जर्मन रायफल मागवली आणि स्वतः काडतूस भरायला गेला. आत जाईना. जोर लावला, बोल्ट कसाबसा बसला, बार उडाला आणि रिकामं काडतूस नळीतच रुतून बसलं. त्याने दोनदा ओढलं. बोल्ट मागे आला, काडतूस तिथेच. एक वृद्ध पाहुणा अरबीत काहीतरी म्हणाला आणि बाकीचे गालात हसले. अरबाबने रायफल टेबलावर ठेवली, पाहुण्यांना कॉफीकडे नेलं, आणि जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून हिंदीत म्हणाला, “तुम इंजिनियर है. देखो, किसने किया. जिसने किया, वो मेरी बंदूक को फिर हाथ नहीं लगाएगा.”

मी कंपनीतून बोअरस्कोप आणला. लांब तारेच्या टोकाला बारीक कॅमेरा असतो, व्हॉल्व्हच्या आतल्या भिंती बघायला वापरतो. शस्त्रखोलीत टेबलावर रायफल, समोर स्क्रीन, शेजारी चाचा काडतूस काढायची सळई धरून उभे. कॅमेरा काठावर नेला आणि खाच दिसली. घड्याळाच्या बाराच्या जागी, पिनच्या टोकाच्या मापाची, धातू आत ढकललेला. कडा चकचकीत होत्या. जुनी खाच काळवंडते, तिच्यात तेल आणि राख बसते. ही ताजी होती, दोनेक महिन्यांतली.

दहा सेकंदांत मला सगळं कळलं. काठ, पिन, पिवळा प्लग, पुण्याचं मैदान, कॅम्पातली बुटाची टाच. दोन महिने किल्ली कुणाकडे होती आणि रायफल कुणाच्या हातात होती, हेही. मी चाचांकडे पाहिलं. ते स्क्रीनकडे बघत होते, नव्या डोळ्यांनी.

“जुनं दिसतंय,” मी म्हणालो.

ते म्हणाले, “तुमाला जसं दिसतंय तसं.”

माझ्या नोकरीत माल बिघडला की एक फॉर्म भरतात. दोष काय, फोटो, मोजमाप, मूळ कारण म्हणजे रूट कॉज, आणि सुधारणा म्हणजे करेक्टिव्ह अॅक्शन. त्या फॉर्मचा एक फायदा असा की त्यात माणूस येत नाही. ‘अमक्याने केलं’ असं लिहायचं नसतं, ‘प्रोसेस’ने केलं असं लिहायचं असतं. मी रविवारी ऑफिसात जाऊन असा फॉर्म केला. रंगीत फोटो लावले, त्यातला सर्वांत कमी चमक दिसणारा निवडून. दोष: नळीच्या काठावर आघाताची खाच. कालावधी: दीर्घकाळ, अनेक वर्षांचा. रूट कॉज: सांभाळणाऱ्या व्यक्तीची चुकीची हाताळणी, औपचारिक प्रशिक्षणाचा अभाव. करेक्टिव्ह अॅक्शन: प्रशिक्षित व्यक्तीची नेमणूक. इंग्रजी सुंदर जमलं होतं. खाली तीन सह्यांच्या जागा होत्या, तपासणारा, सांभाळणारा, मालक.

सांभाळणाऱ्याची सही मी स्वतः घ्यायला गेलो. चाचांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, “काय लिवलंय?”

“रायफल खराब झाली, असं लिहिलंय.”

“ती तर झालीच हाय,” असं म्हणून त्यांनी सही केली. उर्दूत, उजवीकडून डावीकडे, सावकाश. मी पेन परत घेतलं. माझा हात थरथरला वगैरे असं लिहायला बरं वाटलं असतं, पण तो अगदी स्थिर होता. नेमबाजाचा हात आहे तो.

घरी बायकोने विचारलं, काय झालं त्या रायफलीचं. मी फॉर्म वाचून दाखवला. तो चांगला झाला आहे हे कुणीतरी म्हणावं अशी माझी इच्छा होती. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे चाचांची नोकरी गेली.”

“अगं, ते अरबाब ठरवेल. मी फक्त टेक्निकल बाजू मांडली.”

“आणि तुझी टक्-टक्?” ती म्हणाली. “सगळं घर ऐकतं ती. टीव्हीसमोर रिमोटवरसुद्धा करतोस.” मी तिच्यावर इतका ओरडलो की मुलगी खोलीतून बाहेर आली, दोघांकडे बघून “गाइज, प्लीज” म्हणाली आणि आत गेली.

पंधरा दिवसांत चाचांचा व्हिसा रद्द करायचे कागद निघाले. अरबाबने तिकीट काढलं, नवा मोबाइल दिला, मिठी मारली म्हणे. कपाट ड्रायव्हरच्या ताब्यात द्यायचं होतं आणि जाणकार म्हणून मला उभं केलं होतं. चाचा एकेक रायफल काढत, नंबर म्हणत, मी यादीत खूण करत होतो. तेवीस झाल्या. ड्रायव्हर किल्ली घेऊन गाडीकडे गेला. चाचांनी हात चिंधीला पुसले.

“अरबाबच्या ऑफिसातल्या पोराने वाचून दावला कागद,” ते म्हणाले.

मी यादीच्या कागदाची घडी घालायला लागलो.

“तुमी लिवलंत ता बरोबर हाय. वीस वर्सं या कपाटाला मी परक्याचा हात लागू दिला नाय. अरबाबच्या भावालापन नाय. तुमी आपल्याकडचे, मराठी बोलता, म्हनून तुमाला दिला.” त्यांचा आवाज चढला नव्हता, पण डोळे लाल होते. “चूक सांभाळनाऱ्याचीच. कागद खोटा नाय, साहेब. मानूस खोटा हाय.”

मी म्हणालो, “चाचा, विमानतळावर सोडू का?” त्या क्षणी मला तेवढंच सुचलं, याची लाज मला त्या फॉर्मपेक्षाही जास्त वाटते. ते म्हणाले, गाववाला येतोय पिकअप घेऊन. आणि खरंच आला. मागे एक ट्रंक आणि दोरीने बांधलेली एक गादी होती. चाळीसेक वर्षांचा मुक्काम पिकअपच्या अर्ध्या हौद्यातही भरला नाही.

ते गेल्यावर महिनाभराने मी ड्रायव्हरला कपाट उघडायला लावलं. निमित्त मेन्टेनन्सचं होतं. खरं कारण असं की मला स्वतःला पटवायचं होतं. इतर रायफलींतही खाचा असणार, त्या चाचांच्या हातच्या असणार, म्हणजे माझा फॉर्म अगदीच खोटा नाही, असं काहीतरी. दोष शोधायचा ठरवला की सापडतो, हा माझा पंचवीस वर्षांचा अनुभव.

एकेका नळीत कॅमेरा घातला. चौदा रायफली स्वच्छ निघाल्या, काठ कारखान्यातून आल्यासारखे. या चौदा मी कधी फारशा चालवल्या नव्हत्या, वजनाला जड किंवा दिसायला साध्या म्हणून. उरलेल्या नऊ माझ्या आवडीच्या. त्यांतली जर्मन सोडली, तर बाकी आठांत बाराच्या जागी काहीतरी होतं. खाच नव्हती. खाच होऊन गेल्याची खूण होती. आत सरकलेला धातू कुणीतरी निमुळती, पॉलिश केलेली पिन घालून, हळूहळू दाबत, पुन्हा जागेवर बसवला होता. इतक्या बेतानं की काडतूस अलगद बसावं आणि नुसत्या डोळ्याला काही दिसू नये. काही जागी अशी खूण एकावर एक तीन-तीनदा होती. पुन्हा खाच पडलेली, पुन्हा बसवलेली.

म्हणजे दर शुक्रवारी मी टक् करून घरी जेवायला जायचो आणि मग चाचा माझं काम निस्तरत बसायचे. त्या होडीच्या विनोदानंतरसुद्धा. एकच रायफल निस्तरायची राहिली, कारण त्या दोन महिन्यांत त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती. आणि परत आल्यावर, ती पाहुण्यांसमोर येण्याआधी, त्यांना आठवडाही मिळाला नाही, एवढंच. मी स्क्रीन बंद केली. ड्रायव्हरने विचारलं, “खलास?” मी हो म्हणालो. मला माझी किळस आली. हा शब्द मी विचार करून वापरतोय.

दोन दिवस झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून थेट अरबाबच्या घरी गेलो. मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, तो एकटाच होता, टीव्हीवर उंटांची शर्यत लागलेली. त्याने कॉफी पुढे केली. मी ती न घेता उभ्यानेच म्हणालो, “अरबाब, वो जर्मन राइफल. वो चाचा ने नहीं किया. मैंने किया.”

त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. “मालूम,” तो म्हणाला.

मला वाटलं त्याला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं, सावकाश.

“हबीबी, मालूम है. छुट्टी जाने से पहले वो मेरे पास आया था. बोला, इंजिनियर खाली मारता है, मैं जर्मन का बोल्ट निकाल के अलग रख दूँ? मैं बोला, छोड़ो, इंजिनियर नाराज़ होगा.” तो हसला, माझ्यावर नाही, सहज. “क्या है, वो बूढ़ा हो गया था. आँख का ऑपरेशन, फिर घुटना, फिर कुछ और. मेरे बाप का आदमी. उसको मैं अपने मुँह से कैसे बोलूँ, जाओ? तुम्हारा पेपर आया. बहुत अच्छा पेपर. सब को दिखाया. किसी ने कुछ नहीं बोला.”

मी ज्यासाठी आलो होतो ते वाक्य अजून तोंडातच होतं. त्यांना परत बोलवा. तीनच शब्द. गाडीत येताना मी ते हिंदीत, इंग्रजीत, दोन्हींत जुळवून पाहिलं होतं. ते म्हटलं असतं तर अरबाब कदाचित हसला असता, कदाचित चिडला असता, आणि माझे शुक्रवार त्या खोलीत त्या क्षणी संपले असते. कदाचित त्याने फोनही उचलला असता. चाचांना जाऊन महिनाच झाला होता.

अरबाबने गादीखालून किल्ल्यांचा जुडगा काढला. “ड्राइवर को कुछ समझ नहीं,” तो म्हणाला. “आज से तुम रखो. तुम्हारे जैसा जानने वाला कोई नहीं.”

किल्ल्या त्याच्या तळहातावर होत्या. टीव्हीवर उंट वळण घेत होते. मी खाली बसलो, हात पुढे केला आणि म्हणालो, “शुक्रान, अरबाब.”